किती महिन्यांचं स्वातंत्र्य?

मुलांनो, ‘द.सा.द.शे.’ ही अक्षरं तुम्ही गणिताच्या पुस्तकात नक्की पाहिली असतील. दर साल दर शेकडा. शंभर रुपये एक वर्ष वापरायला घेतले, तर त्यांचं भाडं किती, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यांत ही अक्षरं कुणी उच्चारत नाही. इथं म्हणतात, ‘तीन रुपये शेकड्यानं पैसे काढले.’ कधी ‘दोन रुपये’, कधी ‘पाच रुपये’. पारावर, किराणा दुकानात, लग्नाच्या बोलणीत हा शब्द सारखा कानावर पडतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. सातवीला सरळव्याज शिकवत होते. फळ्यावर उदाहरण होतं, बँकेचा दर द.सा.द.शे. १२. मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, मग बँकेत कामून जायचं? आमच्या गावात तर तीन रुपयानंच भेटतेत!”

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. खरंच की! बारापेक्षा तीन कमी. बँकेपेक्षा सावकार स्वस्त!

त्या मुलाला हसू नका. त्यानं घरी ऐकलेलं आणि पुस्तकात वाचलेलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, हे फार थोडी मुलं करतात. चूक एकाच ठिकाणी होती. पुस्तकातले बारा वर्षाचे, आणि गावातले तीन महिन्याचे. ‘दर महा’ हे दोन शब्द बोलताना कुणी उच्चारत नाही, ते सगळ्यांनी धरलेलेच असतात. तिनाला बारानं गुणा. द.सा.द.शे. ३६ झाले! बँकेच्या तिप्पट. फळ्यावर ३६ लिहिल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. कुणाच्या तरी घरचा आकडा होता ना तो. (परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, २०१४ चा महाराष्ट्राचा तसा कायदा आहे, हेही त्या दिवशी सांगून टाकलं.)

मग मी मुलांना बहात्तरचा नियम सांगितला. तो तुम्हीही पाठ करा. व्याजाच्या वर्षाच्या दरानं ७२ ला भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत, व्याजावर व्याज चढत गेलं तर, रक्कम साधारण दुप्पट होते. नियम जुना आहे. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणितज्ञानं १४९४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तो दिला होता. आता ७२ ला ३६ नं भागा. उत्तर दोन. म्हणजे तीन रुपये शेकड्याचं कर्ज फेडलंच नाही, तर दोन वर्षांत दुप्पट. दहा हजारांचे वीस हजार!

हाच नियम आपल्या बाजूनंही चालतो, आणि ही मला त्यातली मोठी गंमत वाटते. पोस्टात किसान विकास पत्र मिळतं. ते १९८८ साली सुरू झालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. मधे २०११ साली ते बंद झालं, २०१४ साली पुन्हा आलं. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर साडेसात टक्के ठरला. ७२ भागिले साडेसात किती? ९.६ वर्षं. महिने करा, ११५ च्या जरा वर. आणि पोस्टानं छापलेली मुदतही ११५ महिनेच! मुलांनी हे करून पाहिलं तेव्हा पोस्टानं आपलंच उत्तर बघून लिहिलं असावं, असा त्यांना आनंद झाला.

पण व्याज ही नंतरची गोष्ट. मला आज सांगायचं आहे ते वहीबद्दल.

बचतीवरचे लेख मी खूप वाचले. त्यात असतं, पगार झाला की इतके टक्के बाजूला काढा. वाचून मला हसू येतं. पगार! आमच्याकडे पगार कुणाला? मला आहे, ग्रामसेवकांना आहे, आणखी दोनचार घरांत आहे. बाकी गावात पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. हळद मे-जूनमध्ये लावतात, ती निघते जानेवारी ते मार्चच्या सुमारास. मग शिजवा, वाळवा, पॉलिश करा, आणि वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात न्या. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात तुम्ही वाचलं असेल. पण मानांकन मिळालं तरी पैसा यायचा तो वर्षातून एकदाच. सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, एकदाच. सालगड्याचं साल ठरतं पाडव्याला. ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाकडून उचल मिळते तीही कारखाने सुरू व्हायच्या आधी, एकरकमी. येणं वर्षातून एकदोनदा आणि खाणं रोज, असा हा सगळा मामला. म्हणून आमच्याकडची वही पाडवा ते पाडवा अशीच ठेवावी लागते.

माझी माय अशी वही ठेवायची. म्हणजे ठेवायची ती, लिहायची मी. तिला अक्षर येत नव्हतं, हिशोब मात्र तोंडी पक्का. मी पाचवीत गेले तेव्हा तिनं शंभर पानी वही माझ्या हातात दिली. त्यात चार रकाने. आलं, गेलं, देणं, हातात. ‘हातात’ म्हणजे पेटीतली रोकड आणि बचत गटातली जमा मिळून. गट दहा बायकांचा, महिन्याला तीस रुपये बचत. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, त्यानंतर हे गट गावोगाव पसरले. आमच्या गावचा गट त्यातलाच. दर अमावस्येला माय चुलीपुढं बसून विचारायची, “सांग, आता किती महिने?”

हा तिचा प्रश्न मला अजून फार शहाणपणाचा वाटतो. ‘किती रुपये’ असं ती विचारत नसे. हातातल्या रकमेतून देणं वजा करायचं, आणि जे उरेल त्याला घराच्या एका महिन्याच्या खर्चानं भागायचं. उत्तर महिन्यांत येतं. घरात कुणालाच काम मिळालं नाही, तर किती महिने चूल पेटेल, तो हा आकडा.

याचा उपयोग काय ते मला २००२ च्या पाडव्याला कळलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. पाडव्याच्या आधी दोनचार दिवस मालक विचारायचे, “काय रे, राहतो ना?” आणि अण्णा दर वर्षी “हाव मालक” म्हणायचे. मालक सांगतील तो आकडा घ्यायचे. कारण पाडव्यानंतर आठ दिवसांत घरात दाणा नसायचा. त्या वर्षी वहीत देणं शून्य होतं आणि हातात चार हजार आठशे. महिन्याचा खर्च बाराशे. माझं उत्तर आलं, चार महिने. मालकांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “इचार करून सांगतो.”

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण अण्णांच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. पंधरा दिवस आमचं घर थांबलं. पंधराव्या दिवशी मालकांनीच निरोप धाडला. अठरा हजारांचं साल एकवीस हजारांवर आलं, वर दोन पोती ज्वारी. मालक काही वाईट नव्हते हो. समोरचा माणूस थांबू शकतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. चार महिन्यांतले साडेतीन महिने तर आम्ही वापरलेही नाहीत!

आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द आजकाल खूप ऐकू येतो. परदेशात काही लोक त्याचा अर्थ असा करतात की, साठवलेल्या पैशांच्या कमाईवरच जन्मभराचा खर्च भागला पाहिजे, नोकरी केली काय न केली काय. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकेतल्या सल्लागारानं १९९४ साली तिथले जुने आकडे तपासून मांडलं की, शिलकीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढले, पुढं महागाईइतकी वाढ करत गेलं, तरी ती शिल्लक तीस वर्षं पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा! गणित चांगलं आहे, पण ते अमेरिकेच्या बाजाराचं आहे. आणि बाराशे रुपये महिन्याच्या घराला पंचवीस वर्षांचा आकडा सांगितला तर ते घर वहीच मिटून ठेवील. मला विचाराल तर पहिला टप्पा शून्य. दुसरा तीन महिने. त्याच्या पुढचं त्याच्या पुढं.

शून्य हा टप्पा म्हटलं, त्याचं कारण सांगते. गेल्या वर्षी वर्गाला मी घरचे महिने काढून आणायला सांगितलं. ज्यांना वर्गात सांगायचं नाही त्यांनी वहीतच ठेवायचं, ही अट आधीच घातली होती. घरची गोष्ट ही घरची असते. एक मुलगी सुट्टीत एकटीच टेबलाशी आली. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात, ही मोठ्या मायजवळ राहते. म्हणाली, “मॅडम, माझं उत्तर चुकलं. उणे दोन महिने आलंय.”

मी पाहिलं. मुकादमाचं देणं राहिलेलं १६ हजार, हातात २ हजार, महिन्याचा खर्च ७ हजार. उत्तर अगदी बरोबर होतं. पूर्णांक संख्या आम्ही नुकत्याच शिकलो होतो, संख्यारेषेवर तिनं शून्याच्या डावीकडे दोन उड्या मारल्या. मग तिनं विचारलं, “मोठ्या मायच्या दोन शेळ्या हायेत. त्या मोजायच्या का?”

या प्रश्नावर आमची सुट्टी गेली. मी म्हटलं, मोजायच्या. पण कोणत्या भावानं? चांगला गिऱ्हाईक मिळाला तर एकीचे आठ हजार येतील. पण दवाखान्यासाठी उद्याच विकायची वेळ आली तर? समोरचा घाई ओळखतो. ती म्हणाली, “मंग सहाच देतेत.” म्हणून वहीत सहानंच धरायची. सोनंही तसंच, शेतातली कडब्याची गंजीही तशीच. घाईत जे येईल तेवढंच आपलं. दोन शेळ्यांचे १२ हजार. उणे दोन महिन्यांचे झाले उणे नऊ दिवस! ती पळत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या मायचा निरोप आला, “मॅडमला म्हनाव, मोजा बापडे, पर इकायच्या नाहीत. औंदा दोघी गाभण हायेत.” आजीबाई गुंतवणूक समजून होत्या.

आता हिशोब येणं म्हणजे काय ताकद असते, त्याची एक खरी गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, दुष्काळी. तिथल्या म्हसवडला चेतना सिन्हा राहतात. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, पावसाच्या आधी घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. पण इतक्या लहान रकमेचं खातं बँक उघडेना. तेव्हा चेतनाताईंनी ठरवलं, बायकांची बँकच काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. सभासद बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. अशांना परवाना कसा द्यायचा? बायका काही महिने लिहायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं, कारण आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती. पण हिशोब येतो. कोणत्याही मुद्दलाचं व्याज विचारा. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या, बघू कोण आधी सांगतं ते! परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. काही बायका म्हणाल्या, आम्हाला पासबुक नको. घरात ते नवऱ्याला सापडलं की शिल्लक दिसते, आणि शिल्लक दिसली की मागणी येते. तेव्हा बँकेनं दुसरी सोय काढली, कार्डाची. म्हणजे वही कुठं ठेवायची, कुणाला दाखवायची, हाही हिशोबाचाच भाग. २०० वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये हेन्री डंकन नावाच्या धर्मगुरूनं रथवेल गावात गरिबांसाठी बचत बँक काढली, १८१० साली. तिच्या पेटीला तीन कुलपं होती. तिन्ही किल्ल्यांचे धनी जमल्याशिवाय पेटी उघडत नसे!

वही लिहू लागलात की घरात एकदोन गमती होतील, त्या आधीच सांगून ठेवते. तंबाखूपुडीचा खर्च तुमच्या अक्षरात लिहिलेला आजोबांना आवडणार नाही. ‘इतर’ असा रकाना करा आणि पुढं चला. पण आकडा सोडू नका. मोबाईलवरही हिशोब ठेवता येतो म्हणे, माझे काही सहकारी ठेवतात. मला वही बरी वाटते, कारण ती चुलीपुढं सगळ्यांना वाचून दाखवता येते आणि रिचार्ज संपला तरी चालते.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं खातं उघडून स्वतः चालवता येतं. पोस्टातच महिन्याला किमान १०० रुपयांचं आवर्ती खातं असतं, मुदत पाच वर्षं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा दर ६.७ टक्के झाला. त्या दरानं साठ महिन्यांत तुमचे ६ हजार जातात आणि सुमारे ७ हजार १३६ परत येतात. वरचे अकराशे थोडे वाटतात ना? वाटू द्या. महागाईही वाढत असते. ती सहा टक्क्यांनी वाढली तर बहात्तरच्याच नियमानं बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. म्हणून डब्यात पडलेली नोट तेवढीच दिसली तरी आतून झिजते.

आणि कुणी गावात येऊन म्हणालं, ‘वर्षात दामदुप्पट’, तर? शंभराचे वर्षात दोनशे, म्हणजे १०० टक्के. नम्रपणे विचारायचं, “काका, असा कोणता धंदा आहे ज्यात वर्षाला शंभरावर शंभर सुटतात?” आपल्या मराठवाड्यात अशा योजनांत लोकांचे कष्टाचे पैसे बुडाले आहेत, हळदीचे आले तसे गेले. म्हणून आणखी एक विचारायचं, हे ठेवीचं विमा-संरक्षण असलेलं ठिकाण आहे का? फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका बँकेत एका ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटी सारखीच चकचकीत असते, म्हणून वाचताना ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, ते नीट पाहायचं.

मी स्वतः अजून वही ठेवते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा बहुतेक शिक्षकांना जुन्या पद्धतीची पेन्शन नाही. पगारातून दरमहा रक्कम कापली जाते, सरकारचा हिस्सा त्यात पडतो, आणि पुढं त्याचं काय होतं ते बाजारावर. कपातीचा आकडा मी दर महिन्याला वेगळ्या रकान्यात उतरवते आणि वर्षाच्या शेवटी खात्याच्या आकड्याशी ताडून पाहते. शिक्षण सेवक होते तेव्हा तीन वर्षं सहा हजारांवर काढली. (२०२३ पासून ते मानधन सोळा हजार झालं.) त्या तीन वर्षांच्या वहीत महिन्यांचा आकडा एकावरून हलतच नाही. तरीही लिहीत होते. माय विचारायची ना.

तुम्हाला वही पाडव्यालाच सुरू करता येईल. पण त्याआधी एक काम करावं लागेल. महिन्याचा खर्च किती, हे विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळा आकडा सांगतं. आमच्या वर्गात एका घरात तीन माणसांनी तीन आकडे सांगितले, चार हजार, सहा हजार आणि ‘लई’. तेव्हा आधी सलग तीन महिने रोजचा खर्च टिपा, तेल-मीठ, दळण, एस.टी.चं तिकीट, औंढ्याच्या जत्रेतला खाऊ, सगळं. बेरीज करा, तिनानं भागा. भागाकारातला भाजक एवढा मिळाला की मग ‘किती महिने’ हे विचारायला घरातलं कुणीही चालेल.